गादीतला खड्डा

गादीच्या दुकानात हल्ली गिऱ्हाइकाला आधी चपला काढायला सांगतात आणि मग विचारतात, "काका, तुम्ही उताणे झोपता की पालथे?" माणूस क्षणभर अडखळतो. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण कोणत्या स्थितीत घालवतो, हे त्याला आजवर कुणी विचारलेलेच नसते. मग तो समोरच्या दहा इंच जाडीच्या हायब्रिड मॅट्रेसवर आडवा होतो. तिच्या पोटात कापडी पिशव्यांत बंद केलेल्या स्प्रिंगा असतात आणि वर फोमचा किंवा लॅटेक्सचा थर. काचेपलीकडून रस्ता चाललेला असतो. पाच मिनिटे पडून पुढच्या दहा वर्षांचे ठरवायचे असते.

पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न अंगणात निघे. पिंजारी दारात येई, जुनी गादी उलगडे, मधोमध तळवा दाबून पाही आणि म्हणे, "वहिनी, मधे पार बसलीय बघा. नवा कापूस किती घालू?" उताणे की पालथे, हे त्याला विचारावे लागत नसे. गादीतला खड्डा सगळे सांगून जाई.

प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता आणि आजही आहे. उताणे पडल्यावर कंबर आणि गादी यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. गादी फार मऊ असेल तर नितंब खोल जातात आणि कण्याला झोळीसारखा बाक येतो. फार कडक असेल तर ती पोकळी भरत नाही, कंबर रात्रभर अधांतरी राहते. पालथ्या माणसाचे त्याहून अवघड. धड हा शरीराचा सर्वांत जड भाग. तो पोटापाशी खाली गेला की कंबर मागच्या बाजूला मोडल्यासारखी कमानते, आणि मान तर श्वासासाठी आधीच एका अंगाला वळलेली असते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा रुतावा लागतो, म्हणून त्याला मऊपणा मानवतो. उताण्यांना आणि पालथ्यांना मात्र खड्डा न पडणारी, टणक गादी हवी. अंथरुणाचा इतिहास बराचसा या खड्ड्याशी चाललेल्या झटापटीचा इतिहास आहे, आणि आपल्याकडे ही झटापट ज्यांनी हातांनी केली त्यांची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे.

माणसाने अंथरूण घातल्याचा फार जुना पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सापडला. सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीच्या माणसांनी तिथे लव्हाळ्यासारख्या गवताचे थर अंथरले होते आणि वर कीटकांना दूर ठेवणारी पाने पसरली होती. २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. म्हणजे खाली भर आणि वर अंगाला लागणारा वेगळा थर, ही दुहेरी रचना माणसाला तेव्हाच सुचली होती.

आपल्याकडे या दुहेरी रचनेचे रूप म्हणजे बाज आणि तिच्यावरची वाकळ. बाजेचे चार पाय, चार लाकडे आणि मधे सुंभाची किंवा अंबाडीच्या दोरीची वीण. नवी विणलेली बाज ताशासारखी वाजते. वापरता वापरता दोरी ताणते, मधे झोळ येतो, झोपणारा घरंगळत मध्यावर येतो. पण बाजेच्या पायथ्याशी वीण लाकडापर्यंत नेलेलीच नसते. तिथे हात-दीड हात जागा सोडून मोकळी दोरी ओवलेली असते. झोळ आला की घरातला कुणीतरी पाय लाकडाला टेकवून ती दोरी एकेक फेरा खेचत जातो आणि बाज पुन्हा ताठ होते. किती ताठ, ते झोपणाऱ्याने ठरवायचे. आजोबांची बाज कडक, बाळंतिणीची थोडी सैल. टणकपणा विकत घ्यायचा नव्हता, तो दर पंधरा दिवसांनी ओढून घ्यायचा होता.

या वस्तूंची नावेही लांबवर गेली. इंग्रजीतला 'कॉट' हा आपल्या खाटेवरून गेलेला शब्द, खाट मूळ संस्कृत खट्वा. पलंग हा पर्यंकापासून आला. उलट 'मॅट्रेस' या शब्दाच्या मुळाशी अरबी 'मतरह' आहे. त्याचा अर्थ जमिनीवर टाकलेली वस्तू, टाकण्याची जागा. अरबांकडून तो इटलीत, तिथून फ्रान्सात आणि मग इंग्रजीत पोचला. म्हणजे ज्या वस्तूला आपण विलायती समजतो, तिचे नाव भुईवर गाद्या टाकून बसणाऱ्या लोकांचे आहे.

मराठीत तर गादी झोपण्याच्या आधी बसण्याशी जोडलेली आहे. शाहू महाराजांना १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि साताऱ्याची गादी असे आपण म्हणू लागलो. १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याची आणि करवीरची अशा दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, तेव्हाही लोक म्हणाले ते गादीविषयीच. मठाला गादी, फडाला गादी, सावकाराच्या पेढीवर पांढऱ्या चादरीची गादी आणि मागे लोड-तक्के. कापसाने भरलेली वस्तू सत्तेचे नाव व्हावी, यात तिची दुर्मिळता दिसते. बहुतेकांच्या वाट्याला घोंगडी येई, वाकळ येई, धनगरी लोकरीचे जेन येई. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण गादीवाल्यांच्या घरात तयार झालेली नाही.

गादीत भरायचा कापूस मात्र इथलाच होता. वऱ्हाड, खानदेश, नागपूरचा भाग. इथला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, जाडसर, काहीसा खरखरीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातून या कापसाच्या गाठी धडाधड रवाना झाल्या. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून विलायतेच्या बाजारात त्याला 'उमरा' म्हणत. तिथले कामगार या कापसाला वैतागत. धागा आखूड, तुटे फार, कचरा फार. मुंबई सरकारला भेसळ रोखण्यासाठी १८६३ मध्ये कायदाही करावा लागला. पण सूत काढताना जो दोष, तोच गादीत गुण ठरतो. आखूड, जाड, खरखरीत तंतू एकमेकांवर सहज चपटे बसत नाहीत. दाबला की ते उलट दाब देतात. लांब, रेशमी तंतूचा कापूस लवकर दबतो आणि त्याचा थापा होतो. देशी कापसाची गादी म्हणूनच वर्षानुवर्षे टिकत असे.

त्याच्या जोडीला सावरीचा कापूस. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली सावर चैत्र-वैशाखात बोंडे फोडते आणि रस्ताभर रेशमी म्हातारी उडते. या तंतूला पीळच बसत नाही, सूत निघत नाही, म्हणून तो उशांत गेला. जुन्या घरांत खाली कापसाची टणक गादी आणि डोक्याखाली सावरीची मऊ उशी अशी जोडी असे. पालथे झोपणाऱ्याला तर ती उशी फार उपयोगाची. डोके टेकवले की ती बसते आणि मान वर उचलली जात नाही.

आता पिंजाऱ्याकडे नीट पाहायला हवे.

खांद्यावर माणसाएवढे लांब पिंजण, म्हणजे लाकडाचे धनुष्य. एका टोकाला रुंद फळीसारखा भाग, दुसरे टोक निमुळते, आणि दोन्हींमध्ये जनावराच्या आतड्याची ताणलेली तात. गल्लीत शिरताना तो तात नुसती छेडी आणि तिचा घोगरा टणत्कार भिंतींवर आपटत पुढे जाई. वेगळी हाळी द्यायची गरज नसे. ओसरीवर जागा मिळाली की तो तुळईला दोरी बांधून पिंजण भुईपासून वीतभर अधांतरी टांगी, म्हणजे वजन हातावर येत नसे. गादीची शिवण उसवून आतला कापूस बाहेर ओढी. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि ओझ्याने त्याच्या गुठळ्या झालेल्या असत, काही तर दगडासारख्या. त्या हातांनी सोडवून ढिगात ठेवायच्या, तात ढिगाला जेमतेम टेकवायची आणि दोन्ही टोकांना फुगीर असलेल्या लाकडी दस्त्याने तिच्यावर ठोका मारायचा.

तात कापते आणि कापूस उडतो. खरे काम ठोक्याचे नसते, ठोक्यानंतरच्या थरथरण्याचे असते. ताणलेली तात एका ठोक्यात असंख्य वेळा इकडेतिकडे हलते, तिला चिकटलेला तंतू त्या हेलकाव्यांनी शेजाऱ्यापासून सुटा होतो आणि झटक्यासरशी पुढे फेकला जातो. जड सरकी, माती, काडीकचरा खाली गळतो. तात ढिगात फार खोल गेली तर गुंतते, फार वर राहिली तर वाराच कापते. तेवढे अंतर डोळ्यांनी धरायचे असते. तासाभरात टोपलीभर गुठळ्यांचा खोलीभर फेस होतो. पिंजाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होतात, तोंडाला फडके असते आणि तरीही धूळ आत जातेच. कापसाच्या धुळीने फुप्फुसे बाधतात, त्या विकाराला वैद्यकात बिसिनोसिस असे नाव आहे. आपल्या आजी-आजोबांच्या सुखाच्या झोपेची किंमत कुणाच्या तरी छातीने मोजली आहे.

मग भरणे. जाड पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ एका बाजूने उघडी ठेवायची, कापसाचे थर कोपऱ्यांपासून लावत यायचे, बांबूच्या काठीने बडवून सारखे करायचे. तीन बाय सहा फुटांच्या गादीला साधारण दहा-बारा किलो कापूस जातो. मधल्या भागाला हाताने थोडी जास्त भर, कारण बसणार ती तिथेच. शेवटी दाभणात जाड दोरा ओवून आरपार टाके, दर वीतभरावर एक. हे टाके कापसाला जागच्या जागी धरून ठेवतात, म्हणजे एका चौकटीतला कापूस दुसरीत सरकत नाही. काठाला उभी शिवण घालून कड ताठ केली की गादी झाली. पहिले काही दिवस तिच्यावर झोपणारा घरंगळेल इतकी फुगीर, मग दोन-तीन महिन्यांत अंगाला बसलेली. दर उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात, काठीने बडवून. कापूस हवेतला ओलावा शोषतो आणि दबतो, ऊन तो ओलावा काढून घेते आणि तंतू पुन्हा मोकळे होतात. दोन-चार वर्षांनी पुन्हा पिंजारी.

हे काम करणारे बहुतेक मुसलमान होते. कुठे पिंजारी, कुठे मन्सूरी, आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे नदाफ. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. हल्लाज या शब्दाचा अर्थही तोच, आणि ९२२ मध्ये बगदादेत देहदंड भोगलेला सूफी मन्सूर अल-हल्लाज याच्याशी मन्सूरी हे नाव परंपरेने जोडले जाते. राजस्थानातले संत दादू दयाळही धुनिया, म्हणजे पिंजाऱ्याच्या, घरातले होते, असे परंपरा सांगते. आज नदाफ आडनावाचे शिक्षक, वकील, शाहीर, पोलीस भेटतात, आणि त्यांच्या आडनावात पिंजणाचा टणत्कार दडलेला आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. भाषेने मात्र तो जपला. केस पिंजारलेले असतात. एखादा माणूस तोच तो विषय पिंजत बसतो. आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात.

एके काळी पिंजाऱ्याचे मोठे गिऱ्हाईक गादीवाले नव्हते, सूत कातणारे होते. पिंजल्याशिवाय पेळू होत नाही आणि पेळूशिवाय चरखा चालत नाही. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावरांनी कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत हातसूत उखडले गेले. गिरणीत कापूस पिंजायला यंत्रे होती. पिंजाऱ्याच्या हातात गाद्या, उशा, दुलया तेवढ्या उरल्या. हातसूत किती पूर्ण उखडले गेले, त्याची साक्ष गांधीजींच्या आत्मकथेत आहे. आश्रमात चरखा सुरू करायचा ठरला तेव्हा पेळू करून देणारा माणूसच मिळेना. गंगाबेन मजमुदार यांनी शोधून काढलेल्या पिंजाऱ्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले, आणि गांधीजींनी ते मान्य केले. त्या घडीला कोणतीही किंमत त्यांना जास्त वाटत नव्हती.

गिरण्यांनी गादीला दुसऱ्या वाटेने कापूस दिला. कापूस साफ करताना यंत्राखाली गळलेले आखूड तंतू सुतासाठी निरुपयोगी. तो टाकाऊ माल गादीवाल्यांकडे येई. गिरणगावातल्या चाळींत, एकेका गाळ्यात दहा-पंधरा माणसे पाळीप्रमाणे झोपत तिथे, पलंग मांडायला जागाच नव्हती. तिथली गादी पातळ असायची, कारण ती सकाळी गुंडाळावी लागे. वळकटी हा शब्द आता मुलांना सांगावा लागतो. सतरंजीत गादी, गादीत चादर-उशी गुंडाळून दोरीने आवळलेली ती गुंडाळी खुंटीवर किंवा माळ्यावर दिवस काढी आणि रात्री भुईवर उतरे. कोकणात जाताना बोटीवर, देशावर जाताना आगगाडीत तीच बरोबर असे. फरशीवर पातळ गादी, म्हणजे टणकच. गिरणी कामगाराची कंबर दुखत असेल तर ती बारा तास उभे राहून, मऊ अंथरुणामुळे नव्हे.

आगगाडीवरून मधु दंडवते यांची आठवण निघणे अपरिहार्य आहे. दुसऱ्या वर्गाचा शयनयान डबा म्हणजे तेव्हा उघड्या लाकडी फळ्या. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा माणूस दोन रात्री त्या फळीवर काढी, अंगाखाली वळकटी नसेल तर हाडे मोजत. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि कोकणातल्या राजापूरचे खासदार दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायचे ठरवले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती अशा गादीच्या बर्थसह. पुढे सगळ्या गाड्यांत तीच पद्धत आली. दोन इंच जाडी ऐकायला काहीच नाही. पण खाली ताठ फळी आणि वर दोन इंच फोम ही रचना उताण्या आणि पालथ्या माणसासाठी फार योग्य आहे, आणि कोट्यवधी लोकांनी फोमवर पाठ टेकवली ती बहुधा पहिल्यांदा रेल्वेतच. देशातल्या एवढ्या माणसांची झोप एका निर्णयाने सुधारल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

फोमच्या आधी घराघरांत शिरला तो काथ्या. मणिपालच्या पै घराण्यातल्या रमेश पै यांनी १९६२ मध्ये कर्नाटक कन्झ्युमर प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, तीच पुढची कर्लऑन. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, केरळातल्या अलप्पुळात ड्युरोफ्लेक्स सुरू झाली. दोन्ही ठिकाणी नारळ आणि रबर हाताशी होते, आणि त्यांची गादी या दोन झाडांची होती.

तिची कृती मोठी देखणी आहे. नारळाच्या सोडणातला काथ्या सरळ आणि राठ असतो. तो तसाच दाबला तर चटई होते, गादी होत नाही. म्हणून आधी त्याचा घट्ट पिळाचा सुंभ वळतात आणि तो पीळ बसू देतात. नंतर सुंभ उलगडून तंतू पुन्हा सुटे करतात. आता प्रत्येक तंतू कुरळा झालेला असतो, जणू हजारो बारीक स्प्रिंगा. त्यांच्यावर रबराचा चीक फवारून, थर दाबून, उष्णतेने पक्का करतात. तंतू जिथे एकमेकांना शिवतात तिथे रबराचा सांधा बसतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाला म्हणतो. या कारखान्यांनी त्या हट्टावर गाद्या उभ्या केल्या. ही गादी टणक होती, पिंजावी लागत नव्हती, तिच्यातून हवा खेळत होती आणि तिला ऊन दाखवले नाही तरी चालत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात नव्या सहकारी सोसायट्यांच्या फ्लॅटमध्ये लाकडी दिवाण आले आणि त्यांवर ती विराजमान झाली. पिंजाऱ्याला गच्चीवर जायला आता जिना नव्हता, रखवालदार होता.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या शीला फोम कंपनीची स्लीपवेल ही गादी फोमची. २०२३ मध्ये त्याच कंपनीने कर्लऑनचा जवळजवळ सगळा हिस्सा विकत घेतला आणि काथ्या फोमच्या घरात गेला.

स्प्रिंगांची गोष्ट पश्चिमेकडची. जेम्स मार्शल या अभियंत्याने १९०० च्या सुमारास प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत बंद करून गादी केली. उघड्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जखडलेल्या असत. एक दबली की शेजारची ओढली जाई, आणि अख्खी गादी मधे झोळीसारखी होई. पिशवीतली स्प्रिंग एकटी दबते. पण हाताने शिवायची असल्याने ही गादी श्रीमंतांपुरती राहिली. अमेरिकेतल्या सिमन्स कंपनीने पिशव्या भरणारे यंत्र बसवले आणि १९२५ मध्ये ब्यूटीरेस्ट बाजारात आणली, तेव्हा ती मध्यमवर्गापर्यंत उतरली. मग १९२९ मध्ये डनलॉपच्या मर्फी या रसायनतज्ज्ञाने रबराचा चीक अंड्यासारखा फेटून त्याचा फेस गोठवला. ते लॅटेक्स. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधली, तिच्यातून पुढे आपला रोजचा फोम निघाला. १९६६ मध्ये नासासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनासाठी हळू दबणारा आणि हळू उठणारा फोम तयार केला, तो आजचा मेमरी फोम. हायब्रिड मॅट्रेस या सगळ्यांची एकत्र बांधलेली चळत आहे. खाली मार्शलची पिशवी, वर मर्फीचा किंवा बायरचा फेस.

हायब्रिड हा शब्द मराठी माणसाने गादीच्या किती तरी आधी शेतात ऐकला. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हे कापसाचे वाण काढले. व्यापारी लागवडीला आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचा धागा लांब, गिरण्यांना हवा तसा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि विदर्भ-मराठवाड्यातले कापसाचे बहुतेक सगळे रान संकरित बियाण्याखाली गेले. आखूड, खरखरीत देशी कापूस मागे हटला. गादीवाले आज सांगतात की पूर्वीसारखी गादी टिकत नाही, लवकर बसते. त्यांच्या हाताला जे जाणवते त्याचे एक कारण बियाण्यात आहे. गादी संकरित होण्याआधी तिच्यातला कापूस संकरित झाला होता.

दरम्यान डॉक्टरांनी कडकपणाला औषधाचा दर्जा दिला होता. पाठ दुखते म्हटले की गादीखाली फळी टाका, नाहीतर सरळ भुईवर झोपा, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांची चाचणी छापून आली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम टणक गादी दिली. मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी २.३ वर होती, मध्यम ५.६ वर. ९० दिवसांनी पाहिले तर मध्यम टणक गादीवाल्यांची अंथरुणातली आणि उठतानाची दुखणी जास्त कमी झालेली होती. फळीचा उपदेश तेव्हापासून जपून केला जातो.

मग दुकानातल्या त्या काकांनी काय घ्यावे? चाचणीचा अर्थ मऊ गादी घ्या असा नाही. पालथे झोपणाऱ्याने वरचा मऊ थर पातळ, दीड-दोन इंचांच्या आसपास असेल अशीच हायब्रिड पाहावी. चार-पाच इंचांचा मेमरी फोम सुरुवातीला सुखाचा वाटतो आणि पहाटे कंबर धरतो. उताण्याला थर थोडा जाड चालतो, कारण कंबरेखालची पोकळी त्याने भरायची आहे. पडल्यावर कंबरेखाली हात सरकवून पाहावा. तो मोकळा आरपार गेला तर गादी कडक, सरकेचना तर मऊ, घासत गेला तर ठीक. वजन जास्त असेल तर स्प्रिंगांची तार जाड हवी. वेष्टनावरच्या आकड्यांवर फार विसंबू नये. एका कंपनीचे सात म्हणजे दुसरीचे सहा असू शकते, आणि काही ठिकाणी मोठा आकडा कडक, तर काही ठिकाणी मऊ. पालथे झोपणाऱ्याने उशी तर जवळजवळ नसल्यासारखी घ्यावी.

या गादीची एकच अडचण आहे, आणि ती मोठी आहे. तिच्यात खड्डा पडला तर ती उसवता येत नाही. कापसाची गादी पन्नास वर्षांत कितीतरी वेळा नवी होत असे, तोच कापूस, तेच घर. आजीच्या गादीतला कापूस नातवाच्या दुपट्यात जाई. फोम आणि स्प्रिंग एकदा बसले की सगळीच वस्तू फेकायची, आणि ती शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडते. टिकाऊपणाची हमी छापील असते, दुरुस्ती करणारे हात मात्र कुठेच नसतात.

तरीही उन्हाळ्यात, लग्नसराईच्या आधी, तालुक्याच्या गावांत अजून एक टेम्पो फिरतो. मागे विजेच्या मोटरीवर चालणारे, खिळ्यांच्या दंडगोलाचे पिंजण्याचे यंत्र आणि वर भोंगा, जुन्या गादीची नवी करून मिळेल. पिंजण आता क्वचित दिसते, यंत्र पाऊण तासात एक गादी उडवून देते. चालवणारे बहुतेकदा दूरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे. कापूस यंत्रात जातो, पलीकडून पांढरा लोट निघतो, झाडाखाली अंथरलेल्या ताडपत्रीवर साचतो. घरची बाई तिथेच स्टूल टाकून बसते, कारण आपल्या कापसात दुसऱ्याचा मिसळू नये. खोळ भरून झाली की यंत्रावरचा मुलगा गादी उताणी टाकतो, तिच्या मधोमध दोन्ही तळवे रोवून अंगाचा भार देतो आणि वर बघतो. ती मान हलवते. अजून नाही. तो ताडपत्रीवरून आणखी एक ओंजळ-दोन ओंजळी कापूस उचलतो, मधल्या जागेत सारतो, आणि मग दाभणात दोरा ओवायला घेतो.